नऊ हजार सहाशे बारा मिस्सा

बिशप महोदयांना कुणाला नाही म्हणता येत नसे, आणि त्यांच्या हाताखालच्या कुणालाच त्यांना नाही म्हणता येत नसे. धर्मप्रांताचं पुढे जे झालं ते खरं तर एवढ्यात सांगून होतं. पण हिशेबनीस बाईंचा वाक्यांपेक्षा आकड्यांवर जास्त भरवसा, आणि आकड्यांची गोष्ट जरा लांबलचक होती.

महोदय बिशप झाले तेव्हा धर्मप्रांताकडे बेचाळीस चर्च, दोन शाळा, एक छापखाना आणि बँकेत बऱ्यापैकी शिल्लक होती. महोदय उंच, देखणे, सदा हसतमुख. त्यांना सकाळी स्वप्न पडे आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्याचा ठराव झालेला असे. असंच एकदा यात्रेकरूंसाठी तीन हजार खुर्च्यांचं, काचेच्या घुमटाचं सभागृह बांधायचं ठरलं. यात्रेकरू येणार कुठून, असं समितीत कुणी विचारलं नाही. घुमट उन्हात असा काही तापला की पहिल्याच समारंभात गायकवृंदातल्या दोघी चक्कर येऊन पडल्या. मग घुमटाला आतून पडदे आले, पडद्यांना मोटर आली, मोटरला वेगळी वीजजोडणी आली. त्यानंतर रेडिओ केंद्र निघालं. त्यावर दिवसभर महोदयांची प्रवचनं लागत. ऐकणारे किती याची पाहणी केली तर सात जण निघाले, आणि त्यांतले तिघे केंद्रातच नोकरीला होते.

या सगळ्यापायी छापखाना गेला, मग एक शाळा गेली. दर वेळी बाई कागद घेऊन महोदयांच्या खोलीत जात. महोदय कागदावरून नजर फिरवत, प्रेमाने म्हणत, "बाई, तुमचा विश्वास कमी पडतो," आणि पेपरमिंटची गोळी पुढे करत. सहा वर्षांत बाईंच्या टेबलाचा एक खण गोळ्यांनी भरला होता. विश्वास होता तेवढाच होता.

"बाई, विसाव्याची फाइल तयार करा," एका सोमवारी महोदय म्हणाले. "गिऱ्हाईक आलंय. घुमटाचं निम्मं कर्ज फिटेल."

विसावा म्हणजे निवृत्त पाद्र्यांचं घर. बैठं, लांबट, एका बाजूला छोटं प्रार्थनागृह आणि मागे भाजीचे चार वाफे. अकरा म्हातारे पाद्री तिथे राहत, आणि त्यांतले एक बाईंचे सख्खे काका होते. बाई सहा वर्षांच्या असताना त्यांचे वडील गेले. तेव्हापासून पाढे, सायकल, पुढे कॉमर्सची फी, सगळं काकांनी बघितलं होतं, तेही आपल्या तुटपुंज्या भत्त्यातून.

"आणि त्यांनी जायचं कुठे?" बाईंनी विचारलं.

"एकेकाला एकेका चर्चमध्ये ठेवू, कुणाला नातेवाइकांकडे. विभागले की कुणावरच भार नाही." महोदयांनी गोळीचा डबा उघडला. "तुमचे काका तर तुमच्याकडेच येतील. आनंदच आहे की."

बाईंचं घर दोन खोल्यांचं. त्यात बाई, त्यांचा वायरमन नवरा, सासूबाई आणि सासूबाईंचं शिवणयंत्र. काकांना आणायला त्यांची ना नव्हती. पण त्या दहा सोबत्यांपासून तोडले तर काका वर्षभरही काढायचे नाहीत, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी गोळी घेतली नाही. महोदयांच्या ते लक्षातही आलं नाही.

घर विकायचं म्हणजे धर्मप्रांताचं कुणाला काय देणं लागतं ते सगळं आधी कागदावर मांडावं लागतं. बाई या बाबतीत फार काटेकोर. कचेरीतलं एकूण एक कपाट त्यांनी उपसायला घेतलं. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात घुमटाच्या जादा पडद्यांचा गठ्ठा होता. तो ओढून काढला तर मागे नऊ जाडजूड वह्या निघाल्या. पहिलीवर शिक्का होता, 'वही क्रमांक एक'.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. घरातलं कुणी गेलं की माणसं पाद्र्यांकडे जातात, लहानसं दान देतात आणि सांगतात, फादर, आमच्या माणसाच्या नावाने एक मिस्सा करा. मिस्सा म्हणजे वेदीवर भाकर आणि द्राक्षरस अर्पून केलेली उपासना. पाद्र्यांनी दिवसाला एकच नाव घ्यायचं, असा नियम. मोठ्या चर्चमध्ये नावं फार आणि दिवस थोडे, म्हणून उरलेली नावं दानासकट बिशपांच्या कचेरीत पाठवतात. कचेरीने ती वहीत उतरवायची आणि ज्या पाद्र्यांचे दिवस मोकळे आहेत त्यांना वाटून द्यायची.

कचेरीने उतरवण्याचं काम चोख केलं होतं. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात दान. लोक जसं सांगत तसंच कारकुनाने लिहून घेतलं होतं: बेकरीवाल्याची आई. जुळ्यांपैकी धाकटा. आमची शेजारीण, तिला कुणी नाही. चौथ्या रकान्याचं शीर्षक होतं, 'मिस्सा कोणी केली व कधी'. तो रकाना कोरा होता. बाईंनी पान उलटलं, कोरा. वही उलटली, कोरा. नऊच्या नऊ वह्या त्यांनी उभ्याउभ्याच पाहून संपवल्या.

पैसे मात्र कचेरीतच राहिले होते. दर महिन्याला ते बाईंच्याच खतावणीत 'इतर दान' म्हणून जमा व्हायचे, बाईंच्याच अक्षरात, आणि तिथून घुमटात जायचे. बाईंनी कपाळाला हात लावला. मग खुर्ची ओढली आणि मोजायला बसल्या. नऊ हजार सहाशे बारा.

दुसऱ्या दिवशी त्या विसाव्यावर गेल्या. काका वाफ्यांना पाणी घालत होते. वय एक्क्याऐंशी, हात थरथरत, त्यामुळे निम्मं पाणी चपलांना मिळत होतं.

"काका, पैसे परत केले तर हे देणं फिटतं का?"

"कुणाला परत करशील? बेकरीवाल्याच्या आईला?" काकांनी झारी खाली ठेवली. "पैसे गेले तरी मिस्सा राहते, पोरी. ती करूनच फेडायची. नाहीतर रोमने माफ केली पाहिजे, आणि त्यासाठी बिशपांनी स्वतः सही करून लिहायचं की आमच्याकडून एवढ्या राहिल्या."

"एवढ्या म्हणजे आकडा लिहायचा?"

"अंकी आणि अक्षरी."

बाईंच्या डोक्यात काहीतरी लकाकलं. "तुमच्या इथे रोज सकाळी मिस्सा होते ना? कुणाच्या नावाने?"

"आम्हाला कोण नाव देणार? आम्ही म्हातारे. आमची आपली जगाच्या कल्याणासाठी."

"अकराही जण करता?"

काका हसले. "उद्या सकाळी ये आणि बघ कसे करतो ते."

बाईंनी जाऊन पाहिलं. अकरा जण एकाच वेदीभोवती अर्धवर्तुळात उभे राहत, म्हणजे पाच जण उभे आणि सहा जण खुर्चीत. भूगोल फादरांना दिसत नव्हतं. त्यांनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता आणि मिस्सेचा शब्द न् शब्द त्यांना पाठ होता. तोफ फादरांना दिसायचं पण ऐकू यायचं नाही, त्यामुळे त्यांची प्रार्थना थेट रस्त्यापर्यंत जायची. एका फादरांना मधेच आपण कुठवर आलो याचा विसर पडे, तेव्हा शेजारचे त्यांना कोपराने ढोसत. काकांना चषक एकट्याने उचलता येत नसे. कुणाचे डोळे, कुणाचे कान, कुणाचे गुडघे अशी उसनवारी करत सगळे एकत्र शेवटाला पोचत, आणि मग न्याहारीला बसून एकमेकांच्या चुका काढत.

"बघितलंस?" काका म्हणाले. "वेदी एक असली तरी मिस्सा ज्याची त्याची वेगळी मोजतात. एकत्र आहोत म्हणून अकरा आहोत. वेगळे केलेस तर मिस्सा करणारे चार उरतील. त्यांत मी नसेन."

त्याच दुपारी बाई नऊही वह्या घेऊन महोदयांच्या खोलीत गेल्या. आकडा ऐकून महोदयांचा चेहरा उतरला, पण फार वेळ उतरून राहणारा तो चेहराच नव्हता.

"एक भव्य मिस्सा करू!" ते म्हणाले. "घुमटाखाली. सगळी नावं एकदम!"

"एक मिस्सा, एक नाव. दोन वर्षांपूर्वी तुम्हीच बेचाळीस चर्चना पत्र पाठवून बजावलंत. टाइप मी केलं होतं."

"मग रोमकडून सूट मागू."

"मागता येते. तुमच्या सहीचं पत्र लागेल. आकड्यासकट. अंकी आणि अक्षरी."

महोदय उठून खिडकीपाशी गेले. खिडकीतून घुमट दिसत होता. दोन काचा फुटल्या होत्या, तिथे प्लायवुड ठोकलं होतं.

"कोण करणार एवढ्या?" त्यांनी हळूच विचारलं. "चर्चमधल्या पाद्र्यांना त्यांचीच नावं उरकत नाहीत."

"रोज मोकळे असे अकराच जण आहेत धर्मप्रांतात. पण ते एका छपराखाली असले तरच अकरा आहेत." बाईंनी आणलेला कागद पुढे सरकवला. त्यावर दोनच ओळी होत्या: धर्मप्रांताकडून एकही मिस्सा देणं आहे तोवर विसावा विकू नये, आणि त्या मिस्सा विसाव्यातच व्हाव्यात.

महोदयांनी सही केली. पुढच्या बैठकीत त्यांनी समितीला सांगितलं की वृद्ध पाद्र्यांना नवं चैतन्य देणारी एक योजना आपल्याला सुचली आहे. समितीने टाळ्या वाजवल्या. समितीला तेवढंच येत होतं.

मग रोज सकाळी कामावर जायच्या आधी बाई विसाव्यावर जाऊ लागल्या. वहीतली पुढची अकरा नावं अकरा चिठ्ठ्यांवर उतरवायची आणि एकेक हातात द्यायची. मिस्सेच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपलं नाव मोठ्याने वाचायचं. न्याहारी झाली की बाई चौथ्या रकान्यात तारीख घालून सह्या घेत. भूगोल फादरांची सही शेजारच्या तीन ओळींवरून फिरून यायची, पण यायची.

महिन्याभरात विसाव्याचा नूर पालटला. जे दाढी आठवड्याला करत ते रोज करू लागले. चिठ्ठ्यांवरून भांडणं लागली. "मला काल मेंढपाळ, आज पुन्हा मेंढपाळ. यांना रोज न्यायाधीश कसे मिळतात?" तोफ फादर तक्रार करत, आणि ती तक्रार चार घरं ऐकत. एका चिठ्ठीवर 'नवरा, तसा बरा होता' असं होतं. त्यावर दोन दिवस वाद चालला की अशा माणसासाठी किती जोर लावून प्रार्थना करावी. जे फादर मधेच विसरायचे ते मिस्सा विसरत, पण आपल्याला आज कोण मिळालंय ते संध्याकाळपर्यंत विसरत नसत. बाई रोज हसून कचेरीत जात. इतक्या वर्षांत कचेरीत हसत येणारी माणसं दोनच, महोदय आणि आता बाई.

महोदयांचं हसू दीड वर्षाने संपलं. बँकेने दोन पत्रं पाठवली, दोन्हीला महोदयांनी आशीर्वाद कळवले. तिसरं पत्र बँकेने थेट रोमला पाठवलं. महिन्याभरात महोदयांनी तब्येतीच्या कारणावरून राजीनामा दिला आणि तो मंजूरही झाला. तब्येत ठणठणीत होती. निरोप समारंभ घुमटाखाली ठेवला होता, तीन हजार खुर्च्यांत चाळीस माणसं बसली, आणि महोदय आपल्या बहिणीकडे राहायला गेले. घुमट एका फर्निचरवाल्याने घेतला. तिथे आता सोफे मिळतात आणि ऊन फार लागतं म्हणून गिऱ्हाइकं लवकर निर्णय घेतात.

त्यांच्या जागी रोमने एक प्रशासक नेमला. सडपातळ, चष्मेवाले, मोजकं बोलणारे फादर. त्यांनी सगळ्या फायली वाचल्या. इतक्या वर्षांत वाचलेल्या फायलींसाठी बाईंना पहिल्यांदाच वेगळा गठ्ठा करावा लागला.

"हा कागद मी पाळेन," प्रशासक फादर म्हणाले. "एक मिस्सा बाकी असेपर्यंत विसाव्याला हात लावणार नाही. पण बाई, मला कामगारांचे पगार द्यायचेत. शेवटची मिस्सा झाली की त्या दिवशी घर जाईल. गिऱ्हाईक थांबायला तयार आहे."

माणूस सरळ होता, त्यामुळे त्याच्यावर रागावताही येईना. बाईंनी उरलेल्या नावांना अकराने भागलं. त्या उन्हाळ्यात तोफ फादर झोपेतच गेले आणि विसावा एकदम शांत झाला. बाईंनी दहाने भागलं. उत्तर एक वर्षाच्या आतच येत होतं.

मग बाईंनी एक गोष्ट केली. एका सोमवारी त्यांनी दहाऐवजी सहाच चिठ्ठ्या नेल्या. डॉक्टर म्हणतात दगदग नको, आळीपाळीने करा, असं सांगितलं. सगळ्यांनी ते मानलं. सहाने भागलं की वर्षाचं दीड वर्ष होत होतं, दीडाहून थोडं जास्तच.

तिसऱ्या आठवड्यात काकांनी त्यांना वाफ्यांपाशी बोलावलं.

"डॉक्टरांशी बोललो मी. ते म्हणाले, फादर, दहा वर्षांत तुमचा रक्तदाब एवढा झकास नव्हता."

बाई वाफ्यातलं गवत उपटू लागल्या.

"हिशेबात तू कधी मार खात नाहीस. चार चिठ्ठ्या कुठे गेल्या?"

"काका, ही नावं संपली की तुम्ही सगळे रस्त्यावर."

"रस्त्यावर कसे? मी तर शिवणयंत्राच्या शेजारी." मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बिशपांनी या लोकांना घुमटासाठी थांबवून ठेवलं. तू माझ्यासाठी थांबवतेस. तुझं कारण चांगलं आहे. त्यांनाही त्यांचं कारण चांगलंच वाटत होतं. थांबणाऱ्याला त्यात काय फरक पडतो, सांग."

बाईंना इतकी लाज वाटली की त्या दिवशी त्यांना डबा गेला नाही. ज्या माणसाला त्या सहा वर्षं मनातल्या मनात बोल लावत होत्या, त्याच्याच खुर्चीत आपण जाऊन बसलो, आणि ती खुर्ची आपल्याला टोचलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दहा चिठ्ठ्या नेल्या. त्यानंतर एकही दिवस कमी केला नाही, आणि रोज रात्री जेवताना नवऱ्याला उरलेला आकडा सांगत राहिल्या. नवऱ्याने एक घडीची खाट आणली. सासूबाईंनी न सांगता शिवणयंत्र स्वतःच्या पलंगाशेजारी ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "व्याही घोरतात का ते तेवढं आधी सांगून ठेव."

शेवटचा दिवस गुरुवारी आला. सात नावं उरली होती आणि पाद्री दहा. वयाने मोठ्या सातांना चिठ्ठ्या द्यायच्या असं ठरलं, त्यामुळे काका रिकाम्या हाताने वेदीपाशी जाऊन बसले. प्रशासक फादर बॅग मांडीवर घेऊन मागच्या बाकावर होते. नवऱ्याने मित्राचा टेम्पो आणून दाराशी लावला होता, कारण दुपारी सामान हलवायचं होतं. भूगोल फादरांची पेटी भरून तयार होती. त्यात कपडे दोन आणि नकाशे चौदा.

साडेसहाला पाच मिनिटं होती. टेम्पोच्या मागे एक टॅक्सी येऊन थांबली आणि तीतून महोदय उतरले.

आधी बाईंनी त्यांना ओळखलंच नाही. केस पांढरे झाले होते, अंगावर साधा काळा झगा होता. दोन सुटकेसा होत्या. एक त्यांनी स्वतः उचलली. दुसरीला टॅक्सीवाल्याने हात लावला आणि सोडून दिला. शेवटी बाईंचा नवरा धावला.

"यात काय विटा भरल्यात?" तो म्हणाला.

"ती आत घ्या," महोदय म्हणाले. "टेबलावर."

प्रार्थनागृहाच्या दाराशीच असलेल्या न्याहारीच्या टेबलावर त्यांनी सुटकेस उघडली. आत वह्या होत्या, तेरा, त्याच जाडीच्या, त्याच बांधणीच्या. बाईंनी वरची उघडली. तारीख, नाव, दान. चौथा रकाना कोरा.

"या तुम्ही यायच्या आधीच्या," महोदय बाईंकडे न बघता म्हणाले. "पहिल्या आठ वर्षांच्या. जुना कारकून निवृत्त होताना माझ्याकडे घेऊन आला, म्हणाला, महोदय, याचं काय करू. मी म्हणालो, माझ्या खोलीत ठेव, आणि तू नवी वही घाल, एकपासून. मला वाटलं, कुणाला दिसलं नाही म्हणजे ते नाहीच. बहिणीकडे वर्षभर माझ्या पलंगाखाली आहेत. काल तुमच्या इथल्या शेवटच्या सात नावांचं ऐकलं." ते थांबले. "रोमला मी लिहिलंय. अंकी आणि अक्षरी. माफ करा असं लिहिलेलं नाही, फक्त एवढ्या आहेत हे सांगितलंय."

बाईंना आधी संताप आला, इतका की वहीचं पान हातात चुरगळलं. मग त्यांना स्वतःचीच शरम वाटली. 'वही क्रमांक एक' हा शिक्का पाहून आपण एकच्या आधी काही नसतं असं धरून चाललो, आणि म्हणे हिशेबनीस. आणि मग त्यांची नजर दाराशी उभ्या असलेल्या टेम्पोकडे गेली, आणि त्यांना हसू फुटलं. आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला तरी आवरेना. भूगोल फादर विचारत होते, काय झालं, मला कुणीतरी सांगा, आणि कुणाला सांगता येत नव्हतं.

प्रशासक फादर टेबलापाशी आले. त्यांनी महोदयांकडून आकडा विचारून घेतला. खिशातून पेन काढलं, हातावरच भागाकार केला. मग बॅगेतून महोदयांच्या सहीचा तो जुना कागद काढून पुन्हा एकदा वाचला, दोन्ही ओळी.

"अकरा हजार चारशे नव्वद," ते म्हणाले. "दहा जणांना तीन वर्षं, थोडी जास्तच." त्यांनी बॅगेची चेन ओढली. "गिऱ्हाइकाला मी कळवतो."

काका खुर्चीतून म्हणाले, "दहा का? मोजायला शिकवलं नाही वाटतं रोममध्ये."

तेव्हा सगळ्यांनी महोदयांकडे पाहिलं. महोदय अजून उभेच होते, आपली हलकी सुटकेस हातात धरून. "मी विचारणारच होतो," ते म्हणाले. "एखादी खोली मिळेल का. बहीण चांगली आहे, पण..." पुढचं वाक्य त्यांना सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यावर अशी वेळ आली असावी.

खोल्यांच्या किल्ल्या बाईंच्या पर्समध्ये होत्या. याच माणसाने काकांना दोन खोल्यांत कोंबायला निघताना आनंदच आहे की, असं म्हटलं होतं. ते बाईंना शब्दन् शब्द आठवत होतं. नाही म्हणायचा हक्क त्यांना होता, आणि नाही म्हटलं असतं तर तिथलं कुणीही त्यांना दोष दिला नसता. त्यांनी पर्स उघडली. आतून कागद काढला, चिठ्ठीएवढा फाडला, सगळ्यांत जुन्या वहीचं पहिलं पान उघडलं आणि त्यावरचं पहिलं नाव उतरवलं. मग आणखी दोन फाडले आणि पुढची दोन नावं काकांना आणि त्यांच्यासारख्याच रिकाम्या हाताच्या एका फादरांना दिली. तिसऱ्या रिकाम्या फादरांनी तोवर स्वतःच वही पुढे ओढली होती.

पहिली चिठ्ठी बाईंनी महोदयांच्या हातात ठेवली. "साडेसहा वाजून गेलेत," त्या म्हणाल्या. "सामान राहू द्या. आत चला."

महोदयांनी चिठ्ठी लांब धरली, जवळ धरली. "घड्याळजीची आई," त्यांनी वाचलं. "या कोण?"

"आम्हाला काय ठाऊक," काका म्हणाले. "पण सतरा वर्षं थांबल्यात. चला."

अकरा जण वेदीभोवती लागले, पाच उभे, सहा खुर्चीत. एकेकाने आपलं नाव वाचलं. महोदयांची पाळी शेवटी आली. ज्यांचा आवाज तीन हजार खुर्च्यांसाठी सहा कर्ण्यांतून घुमायचा, त्यांनी ते नाव इतकं हळू घेतलं की शेजारच्यालाही कळलं नाही.

"मोठ्याने," भूगोल फादर म्हणाले. "तिला ऐकू गेलं पाहिजे."

महोदयांनी घसा साफ केला, आणि घड्याळजीच्या आईचं नाव पुन्हा, मोठ्याने घेतलं.